दुरुस्तीची नोंद : नामदार गोखले

आमच्या बुककीपिंगच्या सरांचा एक नियम आहे. कीर्दीत चूक झाली तर ती खोडायची नाही. ब्लेडने खरवडायची नाही, पान फाडायचे तर मुळीच नाही. चुकीची नोंद आहे तशी राहू द्यायची आणि चूक ज्या दिवशी सापडली त्या तारखेला खाली दुरुस्तीची नोंद घालायची. पुढे कोणी वही उघडली तर त्याला चूकही दिसली पाहिजे आणि ती केव्हा, कशी सुधारली तेही दिसले पाहिजे. पहिल्या वर्षाला हा नियम ऐकला तेव्हा मला तो फक्त परीक्षेतल्या पाच गुणांचा प्रश्न वाटला होता. पुढे ग्रंथालयात नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांची चरित्रे वाचायला मिळाली आणि 1897 सालच्या प्रकरणापाशी येऊन मी थांबलो. वर्गातला हा नियम या माणसाने साऱ्या देशासमोर, स्वतःच्या नावावर पाळला होता आणि त्यापायी निम्मी अब्रू घालवून घेतली होती.

गोखल्यांचे नाव आपल्याला शाळेपासून माहीत असते. टिळकांच्या धड्यात ते मवाळ म्हणून येतात, गांधीजींच्या धड्यात गुरू म्हणून येतात. स्वतःच्या धड्यात मात्र ते बहुधा एका गणितापुरतेच येतात. गुरुजींनी घरी सोडवायला दिलेली सगळी उदाहरणे एकट्या गोपाळची बरोबर आली, म्हणून त्याला वर्गात पहिल्या जागेवर बसवले, तर तो रडू लागला. कारण एक उदाहरण त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवले होते. ही गोष्ट घडली तशीच सांगतात की पुढच्या मोठेपणावरून मागे नेऊन चिकटवली आहे, याचा निवाडा मी करणार नाही. थोरांच्या लहानपणी अशा गोष्टी फार घडतात! पण वयाच्या एकतिसाव्या वर्षी घडलेली गोष्ट कागदोपत्री आहे, आणि ती या शाळेतल्या गोष्टीपेक्षा कितीतरी कठीण आहे.

गोखल्यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. बेळगावहून कोल्हापूरला जाताना निपाणी मागे पडली की कागल लागते, म्हणजे तसे पाहिले तर ते आपल्याच वाटेवरचे. गोपाळचे पहिले शिक्षण तेथे आणि नंतरचे कोल्हापुरात झाले. 1879 साली वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्या भावाला पाठवले. पंधरातले आठ! घरखर्चाला सात उरत. पुढे कॉलेजच्या खर्चासाठी वहिनींनी अंगावरचे दागिने काढून दिले. गोखल्यांच्या चरित्रात गोविंदराव आणि या वहिनी दोन-चार ओळींत संपतात, याचे मला वाईट वाटते. पैशापैशाचा हिशेब ठेवण्याची सवय गोखल्यांना कोणत्याही कॉलेजाने लावली नसावी, ती या आठ रुपयांनी लावली असावी.

1881 साली मॅट्रिक, मग कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, काही काळ पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन. 1884 साली वयाच्या अठराव्या वर्षी ते बी. ए. झाले. वकिली करावी, पैसा मिळवावा आणि भावाचे ऋण फेडावे हा सरळ मार्ग होता. पण पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवायला लागल्यावर टिळक-आगरकरांच्या संगतीत ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. वीस वर्षे जेमतेम पगारावर शिकवायचे, अशी ती प्रतिज्ञा होती. फर्ग्युसनमध्ये त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र जे वाट्याला येईल ते शिकवले. सहशिक्षक बापट यांच्याबरोबर तयार केलेले त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुढे कित्येक वर्षे शाळाशाळांतून चालले.

याच सुमारास न्यायमूर्ती रानड्यांशी त्यांची गाठ पडली, आणि खरे शिक्षण तेव्हा सुरू झाले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम गोखल्यांकडे आले. सरकारी अहवाल, जमाबंदीचे तक्ते, मिठाच्या उत्पन्नाचे आकडे, लष्करी खर्चाची पुस्तके यांचे ढीग उपसायचे, त्यातून टिपण करायचे आणि ते रानड्यांपुढे ठेवायचे. एखादा आकडा कोठून घेतला हे सांगता आले नाही तर तो लेखात राहत नसे. रानड्यांच्या हाताखाली अशी सुमारे चौदा वर्षे गेली. आज सी. ए. होणाऱ्या मुलाला आर्टिकलशिपही जड जाते!

सोलापूरला गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक हेडमास्तर होते. सभासंमेलनांतून त्यांचे नाव फारसे झाले नाही, पण हिंदुस्थानच्या जमाखर्चाची आकडेवारी त्यांच्याइतकी हाताशी असलेला माणूस त्या काळी विरळाच होता. रानडे दृष्टी देत आणि जोशी आकडे पुरवीत. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी कमिशन बसले होते आणि 1897 साली साक्षीसाठी येथून काहीजणांना लंडनला बोलावले, तेव्हा पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गोखले निघाले. त्यांच्या साक्षीचा कागद या दोघांच्या नजरेखालून गेलेला होता.

प्रवासात काले बंदराजवळ रेल्वेच्या दाराचा जबर मार त्यांच्या छातीला बसला. संकोचाने त्यांनी कित्येक दिवस तो कोणाला सांगितला नाही, नंतर अंथरुण धरावे लागले. तरीही एप्रिलमध्ये ते कमिशनपुढे उभे राहिले. दोन दिवस उलटतपासणी चालली. समोर मुरलेले इंग्रज अधिकारी आणि इकडे तीस वर्षांचा मास्तर. त्यांच्या मांडणीतला एकही आकडा डळमळला नाही. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी असे मोठे साक्षीदार असूनही गोखल्यांच्या साक्षीची वाखाणणी झाली. येथे ते परत फिरले असते तर या चरित्रात उणे काढायला फारसे काही उरले नसते.

पण ते तीन महिने लंडनमध्ये राहिले, आणि त्या तीन महिन्यांत पुण्यात प्लेगचा कहर झाला होता.

प्लेग आवरण्यासाठी सरकारने रँडच्या हाताखाली समिती नेमली आणि घरोघर झडती घ्यायला गोरे सोल्जर लावले. ते देवघरात, स्वयंपाकघरात शिरत. रोग्याला उचलून इस्पितळात नेत, बाकीच्यांना छावणीत. सामान रस्त्यावर काढून जाळत. बायकांची तपासणी ज्या तऱ्हेने होई तिने सारे शहर संतापले होते. या तक्रारी खोट्या नव्हत्या. त्या वेळच्या वृत्तपत्रांत आणि अर्जांत त्या भरलेल्या आहेत. 22 जून 1897 रोजी गणेशखिंडीत चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच्याबरोबर लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला.

लंडनमध्ये गोखल्यांना पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती. त्यांपैकी काही पत्रांत एक भयंकर मजकूर होता : सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. पत्रे लिहिणारे विश्वासाचे होते. अंतर सहा हजार मैलांचे होते. इंग्लंडची वृत्तपत्रे पुणेकरांना खुनी आणि राजद्रोही ठरवत होती. अशा वेळी मन गप्प कसे बसेल? गोखल्यांनी हा मजकूर पार्लमेंटच्या काही सभासदांपुढे ठेवला आणि मँचेस्टर गार्डियनमधून तो साऱ्या इंग्लंडसमोर गेला.

पार्लमेंटात प्रश्न आला. मुंबई सरकारला तारा गेल्या. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी चौकशी करवली आणि आरोपाला आधार नाही असे कळवले. आता पुरावा देण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर आली. गोखले जुलैमध्ये बोटीने निघाले. ते मुंबईला पोचेपर्यंत इकडचे वारे पार फिरले होते. टिळकांना 27 जुलैला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती, नातू बंधूंना चौकशीशिवाय स्थानबद्ध केले होते. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांनी आपली नावे बाहेर येऊ देऊ नयेत म्हणून विनवण्या केल्या. मुंबई बंदरात बोट लागते न लागते तोच पोलीस कमिशनर बोटीवर चढले होते.

गोखल्यांनी पुण्यात विचारपूस केली. आरोप सिद्ध होईल असे पुढे येऊन सांगायला कोणी तयार नव्हते. ती घटना घडली असेल, नसेलही. भीतीने तोंडे बंद झालेल्या शहरात गप्प राहणे म्हणजे काही घडलेच नाही असे म्हणता येत नाही. पण गोखल्यांपुढचा प्रश्न निराळा होता. जे आपण छापून आणले ते आपल्याला सिद्ध करता येते काय? येत नव्हते. मित्रांची नावे सांगून सुटणे त्यांना शक्य होते. संदिग्ध भाषेत चार ओळींचा खुलासा करून विषय मिटवणेही शक्य होते, राजकारणात ते तेव्हाही चालत होते. त्यांनी नावे सांगितली नाहीत. रानड्यांसारख्या वडीलधाऱ्यांशी विचार करून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी वृत्तपत्रांतून जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. ती गव्हर्नरांची होती, प्लेग समितीची होती आणि झडतीच्या कामावर असलेल्या सोल्जरांचीही होती. जेथे आरोप छापला होता तेथेच माफीही छापली गेली.

सोल्जरांची माफी! पुण्याला ती गिळता आली नाही. ज्यांच्या घरात हे सोल्जर बुटांसह शिरले होते त्यांना काय वाटले असेल याची कल्पना करावी. टिळक तुरुंगात होते आणि पुढच्या महिन्यात त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. एकजण शिक्षा भोगतो आणि दुसरा माफी मागतो, अशी तुलना घरोघर होणे साहजिक होते. इकडे भ्याड म्हणून हेटाळणी, तिकडे इंग्रजी वृत्तपत्रांत खोटारडा म्हणून. त्या वर्षअखेर अमरावतीला काँग्रेस भरली तेथेही त्यांच्याविषयी उघड नाराजी होती. सार्वजनिक जीवन सोडून द्यावे असे त्यांच्या मनात येऊन गेले.

या माफीविषयी माझे मत पूर्णपणे गोखल्यांच्या बाजूचे नाही, हे येथे सांगितले पाहिजे. तो एक आरोप मागे घेणे भागच होते. पण बिनशर्त माफीच्या ओघात झडत्या, जाळपोळ, बायकांची विटंबना अशा ज्या खऱ्या तक्रारी होत्या त्यांचाही जोर गेला. सरकारला आयतेच सांगता आले की पुण्याची ओरड खोटी होती. आमच्या शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर एका खात्यातली चुकीची रक्कम सुधारायची होती, आणि सुधारताना सगळे खातेच बंद झाले. हा एक आरोप मी मागे घेतो, बाकीच्या तक्रारींवर मी ठाम आहे, असे गोखल्यांना लिहिता आले असते. का लिहिले नाही? खचलेला माणूस बारकावे सांभाळत नाही, हे एक कारण असावे. दुसरे असे की अटीसह मागितलेली माफी ही माफीच नव्हे, अशी त्यांची धारणा असावी. हे दुसरे कारण मला अडचणीत टाकते, कारण मी स्वतः ते पाळलेले नाही.

प्रसंग लहान आहे. एका वर्षी स्नेहसंमेलनाच्या समितीवर मी होतो. जमाखर्चाच्या फायलीत मांडववाल्याच्या दोन पावत्या मला दिसल्या. मी भर सभेत, हॉलमध्ये, एकच बिल दोनदा दिले गेले असे बोलून मोकळा झालो. हिशेब ठेवणारा विद्यार्थी आमच्याहून एक वर्ष पुढे होता. तो काही बोलला नाही, पण त्यानंतर समितीत आला नाही. पुढे तेरीज जुळवताना कळले की पहिली पावती आगाऊ रकमेची होती आणि दुसरी ती वजा करून दिलेल्या बाकीची. मी त्याला कँटीनमध्ये गाठून चूक कबूल केली. तो हसला, चहाचे पैसेही त्यानेच दिले. मला वाटले, संपले. पण हॉलमध्ये चाळीसपन्नासजण होते, त्यांच्यापैकी कोणालाही मी काही सांगितले नाही. त्यांच्या लेखी ते बिल अजून दोनदाच दिलेले आहे. म्हणून येथे लिहितो : ते बिल एकदाच दिले गेले होते, हिशेब बरोबर होता आणि चूक माझी होती. संपादक मंडळाने एवढ्या ओळी छापू द्याव्यात अशी विनंती.

आता पुन्हा गोखल्यांकडे येऊ. मला या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती तारखांची. एप्रिलमध्ये कमिशनपुढे मांडलेला प्रत्येक आकडा रानडे-जोशींच्या चाळणीतून गेलेला होता आणि तो टिकला. जुलैमध्ये मांडलेली बातमी कोणाच्याच चाळणीतून गेली नव्हती आणि ती कोसळली. माणूस एकच, शहर एकच, मधे अवघे तीन महिने. मिठाच्या उत्पन्नाला जो कस लावला तो विश्वासू मित्राच्या पत्राला लावायचे राहिले. लाखालाखांच्या हिशेबात आपण जागे असतो आणि रागाच्या भरात झोपतो.

गोखले कोपऱ्यात जाऊन बसले नाहीत. प्लेग पुन्हा आला तेव्हा निवारणाच्या कामात ते स्वयंसेवक म्हणून उतरले. 1898 च्या फेब्रुवारीत त्यांनी स्वतःसाठी एक टाचण लिहून ठेवले, त्यात आपण काय काय व्हायचे आणि शिकायचे याची यादी आहे. श्रीगुरू दत्तात्रेयाच्या कृपेचा उल्लेख करून त्यांनी योगाभ्यास, इतिहास, तत्त्वज्ञान, काही शास्त्रे आणि फ्रेंच भाषा अशा विषयांची नोंद केली, आणि मुंबईच्या, मग वरिष्ठ कायदेमंडळात व थेट पार्लमेंटात जाण्याचा संकल्प केला. ज्याला लोक उठवळ म्हणत होते तो माणूस सहा महिन्यांनी अशी यादी करतो! पार्लमेंट तेवढे राहिले, बाकीच्या दोन्ही सभागृहांत ते पोचले.

1899 साली ते मुंबई कायदेमंडळात आले आणि 1901 साली फेरोजशहा मेथांच्या जागी वरिष्ठ कायदेमंडळावर निवडून गेले. फर्ग्युसनमधून दरमहा तीस रुपयांच्या पेन्शनवर ते निवृत्त झाले. 26 मार्च 1902 रोजी कलकत्त्याला त्यांचे पहिले अंदाजपत्रकी भाषण झाले. कॉमर्सच्या विद्यार्थ्याने ते वेळ काढून वाचावे असे आहे.

सरकारने त्या वर्षी सात कोटींच्या घरात शिल्लक दाखवली होती. दुष्काळ आणि प्लेगने देश पिळून निघालेला असताना ही शिल्लक आली कोठून? गोखल्यांनी ती उलगडून दाखवली. सरकारला दरवर्षी विलायतेत मोठी रक्कम पौंडांत द्यावी लागे. रुपयाचा भाव घसरून तेरा पेन्सांपर्यंत आला तेव्हा एका पौंडाला साडेअठराच्या आसपास रुपये पडत. ही तूट भरून काढायला कर वाढवले, मिठावरचा करही वाढवून मणाला अडीच रुपये केला. पुढे चांदीच्या टांकसाळी बंद करून रुपया सोळा पेन्सांवर आणला. आता एका पौंडाला पंधराच रुपये पडू लागले. म्हणजे प्रत्येक पौंडामागे सरकारचे तीन-साडेतीन रुपये वाचले. पण वाढवलेले कर तसेच राहिले! शिल्लक होती ती या फरकाची. सुबत्तेचे ते लक्षण नव्हते. उलट रुपया महाग झाल्याने शेतकऱ्याला तेवढाच सारा भरायला जास्त धान्य विकावे लागत होते. हे सारे सरकारच्याच पुस्तकांतल्या आकड्यांवरून मांडलेले होते. आवाज चढवलेला नव्हता, कोणावर हेत्वारोप नव्हता, आणि पुराव्यावाचून एक वाक्यही नव्हते. पाच वर्षांपूर्वीची जखम या भाषणाच्या पानापानांत आहे असे मला वाटते.

मिठावरचा कर 1903 साली दोन रुपये झाला, 1905 साली दीड आणि 1907 साली एक रुपया. 1903 मध्येच प्राप्तिकराची माफीची मर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. हे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दर वर्षी मार्चमध्ये हा माणूस उभा राहणार आणि आपलीच वही आपल्याला वाचून दाखवणार, हे अर्थखात्याला ठाऊक झाले होते.

12 जून 1905 रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापला. नव्या सभासदाने पाच वर्षे उमेदवारी करायची, अभ्यास करायचा, देश पाहायचा. त्या काळात स्वतःच्या जबाबदारीवर भाषणे ठोकायची नाहीत. पुढे 1915 साली गांधीजी आफ्रिकेतून परतले तेव्हा त्यांनाही गोखल्यांनी हेच सांगितले की वर्षभर हिंडून देश पाहा, राजकारणावर बोलू नका. अनेकांना ही अट विचित्र वाटते. 1897 चा जुलै लक्षात ठेवून पाहिले की तिचा उगम कळतो.

तरीही ते पुन्हा कधी चुकले नाहीत असे नाही. 1912 साली ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तेथे गांधीजींनी त्यांना तिथल्या कायद्यांचे टिपण करून दिले, आणि मंत्र्यांना भेटण्यापूर्वी गोखल्यांनी त्यातला मुद्दा न् मुद्दा उलटसुलट विचारून घेतला. (याच दौऱ्यात एका सभेत ते चक्क मराठीत बोलले आणि गांधीजींनी त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर केले. गांधीजींचे मराठी किती होते ते सर्वांना माहीत आहे, तेव्हा सभेला काय कळले असेल देव जाणे!) प्रिटोरियाला बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांशी भेट झाली. करारमुक्त मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द होणार असा शब्द मिळाल्याचे गोखल्यांनी बाहेर येऊन सांगितले. गांधीजींना शंका होती. पुढे सरकारने असा शब्द दिलाच नव्हता असे म्हटले. एवढ्या तयारीच्या माणसाने मंत्र्याचा तोंडी शब्द कागदावर घेतला नाही. हेही एका अर्थी व्हाउचरशिवायचेच झाले. 1913 साली त्या कराविरुद्ध सत्याग्रह पेटला तेव्हा प्रकृती ढासळलेली असतानाही गोखल्यांनी हिंदुस्थानातून पैसा गोळा करून पाठवला. कर 1914 साली रद्द झाला. 1910 च्या प्रेस कायद्याविरुद्ध त्यांनी मत दिले नाही, ही गोष्टही त्यांच्या चाहत्यांना खटकत आली आहे, आणि ती खटकावी अशीच आहे.

शेवटच्या वर्षांतले त्यांचे सर्वांत मोठे काम अपयशी ठरले. 16 मार्च 1911 रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानभर सक्ती केलीच होती. गोखल्यांची मागणी त्यापेक्षा किती सावध! जेथे मुलगे बऱ्याच प्रमाणात आधीच शाळेत जातात तेथेच, नगरपालिकेची वा लोकल बोर्डाची इच्छा असेल तरच, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती सक्ती. दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाला फी माफ. खर्चाचे दोन हिस्से सरकारने सोसायचे, एक स्थानिक संस्थेने. विधेयक वर्षभर देशभर फिरले, मते आली. प्रत्येक आक्षेप घेऊन त्याला उत्तर देणारे गोखल्यांचे भाषण आहे, आणि जो आक्षेप रास्त वाटला तो रास्त आहे असे त्यांनी त्यात मान्य केले आहे. 19 मार्च 1912 रोजी 38 विरुद्ध 13 मतांनी विधेयक पडले. ते पडणार हे त्यांना माहीत होते, आणि तसे त्यांनी सभागृहात सांगितलेही होते.

1914 साली देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. मधुमेहाने आणि हृदयविकाराने शरीर पोखरले होते. काँग्रेसच्या दोन पक्षांच्या समेटावरून टिळकांशी वाद मात्र चालूच होता. पत्रांचे दाखले मागितले जात होते, खुलासे होत होते. 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीस.

आमच्या अंकाच्या कन्नड विभागातल्या मित्रांनी मला सांगितले की डी. व्ही. गुंडप्पांनी गोखल्यांवर कन्नडमध्ये लिहिले आहे, आणि 1945 साली बेंगळूरला सार्वजनिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी संस्था काढली तिलाही गोखल्यांचेच नाव दिले. मंकुतिम्माच्या कवीला आमच्या कोतळूकच्या हिशेबनीसात काय दिसले असेल, हे त्यांच्याकडून समजून घ्यायचे ठरवले आहे.

निधनाची बातमी कळली तेव्हा टिळक सिंहगडावर होते. ते खाली उतरले आणि स्मशानात आले. पंचवीस वर्षे ज्याच्याशी भांडले, ज्याच्या माफीवर कडाडून टीका केली, त्याच्या चितेपाशी उभे राहून त्यांनी जमलेल्या लोकांना गोखल्यांच्या कामाची थोरवी सांगितली.